यकृताचा जुना आजार आणि कोविड: वाचकांचे प्रश्न

वडिलांना सिरोसिस आहे. त्यांना कोविडचा धोका इतरांपेक्षा जास्त का?

जास्त आहे, पण किती ते सिरोसिसच्या, म्हणजे यकृतात व्रण साचून ते कडक होत जाण्याच्या, टप्प्यावर ठरतं. लस येण्याआधी २९ देशांतल्या ७४५ यकृतरुग्णांची एकत्र नोंद झाली होती. जुना आजार असूनही सिरोसिसपर्यंत न पोचलेल्यांपैकी ८ टक्के दगावले, सिरोसिसवाल्यांपैकी ३२ टक्के. डॉक्टर रक्तातलं बिलिरुबिन आणि अल्ब्युमिन, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेची चाचणी), पोटातलं पाणी आणि मेंदूवरचा परिणाम पाहून सिरोसिसचे ए (सौम्य), बी, सी (गंभीर) असे गट पाडतात. त्यांत हेच प्रमाण अनुक्रमे १९, ३५ आणि ५१ टक्के होतं. हे बहुतेक रुग्णालयात दाखल झालेले रुग्ण होते, त्यामुळे आज हे आकडे जसेच्या तसे घरच्या माणसाला लावू नका. ए आणि सी यांत अंतर किती मोठं आहे, तेवढं मात्र ध्यानात ठेवा आणि वडिलांचा गट कोणता, हे पुढच्या भेटीत विचारून घ्या.

या रुग्णांचा जीव यकृतामुळेच जात असेल असं वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक मृत्यू श्वास निकामी होऊन झाले. सिरोसिसमध्ये प्रतिकारशक्ती आधीच खिळखिळी झालेली असते, आतड्यातले जंतू रक्तात शिरतात, आणि पोटात पाणी असेल तर फुप्फुसांना फुलायला जागाच उरत नाही.

आईला ना ताप, ना खोकला. पोट एकाएकी फुगलं आणि ती असंबद्ध बोलू लागली. डॉक्टरांनी कोविडची चाचणी सांगितली. कशासाठी?

बरोबरच सांगितली. वरच्याच नोंदीत सिरोसिसच्या ४६ टक्के रुग्णांचं यकृत कोविडच्या काळात बिघडलं, म्हणजे पाणी वाढलं, भ्रम झाला किंवा रक्तस्राव झाला. त्यातल्या साधारण पाचातल्या एकाला श्वसनाचं कुठलंच लक्षण नव्हतं. पण असंबद्ध बोलणं सुरू झालं की चाचणीच्या निकालासाठी घरी थांबायचं नाही, तडक रुग्णालय गाठायचं. बद्धकोष्ठ, आतला रक्तस्राव, पोटातल्या पाण्यात झालेला जंतुसंसर्ग, यांनीही हेच होतं आणि त्यांवर उपचार आहेत.

सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं. घाबरू का?

नुसत्या चरबीनं घाबरू नका. वजन, मधुमेह आणि रक्तदाब यांकडे बघा, कोविडमधला धोका मुख्यतः त्यांच्यामुळे वाढतो. कोविडमध्ये एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, थोडं वाढणं नेहमीचं आहे आणि बहुतेकांचं ते आपोआप उतरतं.

प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचा काढा रोज घेतो. हेपॅटायटिस बी आहे. चालेल ना?

माझं उत्तर नाही असंच आहे. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेल उकळू लागली, आणि २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला हा निष्कर्ष मान्य नव्हता, दुसरीच एखादी वेल वापरली गेली असेल असं त्यांचं म्हणणं होतं. वाद तज्ज्ञांना घालू द्या. यकृत आधीच आजारी असताना तो धोका तुम्ही कशाला पत्करायचा? आणि एक: कोविडसाठी स्टिरॉइड द्यायची वेळ आली, तर ‘मला हेपॅटायटिस बी आहे’ हे सगळ्यात आधी सांगा. स्टिरॉइडनं दबलेला विषाणू पुन्हा उसळू शकतो. चालू गोळ्या मनानं बंद करू नका.

सिरोसिसमध्ये तापाला कोणती गोळी घ्यावी?

पॅरासिटामॉल. लोक त्यालाच घाबरतात आणि आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊन बसतात. सिरोसिसमध्ये या दोन गोळ्यांनी किडनी बिघडते, रक्तस्रावही होतो. पॅरासिटामॉल दिवसभरात २ ग्रॅमच्या आत, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या फार तर चार गोळ्या, अंतर ठेवून. सर्दीच्या गोळ्यांतही बहुधा पॅरासिटामॉल असतं, तेही हिशेबात धरा.

यकृत प्रत्यारोपण झालंय. कोविड झाला तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं थांबवू का?

स्वतःहून एक गोळीही नाही. कोविडच्या सुरुवातीच्या अभ्यासांत नुसत्या प्रत्यारोपणामुळे मृत्यूचा धोका वाढलेला दिसला नाही. वय आणि किडनीची अवस्था महत्त्वाची ठरली. मात्र कोविडची गोळी सुरू करण्याआधी प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना फोन हवाच. पॅक्सलोविड ही कोविडची गोळी टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची रक्तातली पातळी धोकादायक वाढवते.