घाणेरी तोडायची की जाळायची, विचारणाऱ्या लेकीला फॉरेस्ट्रीला जाऊ द्या

नमस्कार दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी बारावी सायन्सला, नीटची तयारी करायची सोडून धारणीकडच्या जंगलातली घाणेरी (लँटाना, बाहेरून येऊन जंगलभर माजलेलं झुडूप) तोडावी की जपून जाळावी यावर वही भरून लिहितेय, आणि तुम्हाला वाटतंय झुडपं काढण्यात कसलं करिअर.

दादा, प्रश्न लहान नाहीये तो. घाणेरी वरवर कापली की बुडातून परत फुटते, म्हणून दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबूंनी जमिनीच्या ३-५ सेंटीमीटर खाली मूळ तोडून झुडूप उलटं टाकायची पद्धत बसवली. पण त्याला मजूर लागतात, शिवाय बुलबुल वगैरे पक्षी बिया टाकतच राहतात, त्यामुळे पुढची दोन-तीन वर्षं तिथेच जाऊन रोपं उपटावी लागतात. जाळणं स्वस्त पडतं खरं, पण जळलेलं बूडही फुटतं, आणि दाट घाणेरीतून आग थेट झाडाच्या शेंड्यापर्यंत चढते. कर्नाटकात बिळिगिरी रंगन टेकड्यांत सोलिगा लोक पूर्वी उन्हाळा लागतालागताच पाला जाळायचे, ती आग मंद असायची, आणि ते जाळणं बंद झालं तेव्हापासून घाणेरी माजली असं ते सांगतात. आता मात्र त्याच घाणेरीत आग लावली तर ती मंद राहीलच असं नाही. म्हणून मला विचाराल तर दाट ठिकाणी आधी तोडणी, मग तिथे गवत वाढवणं, आगीचा विचार त्यानंतर. हे ठरवायला माती, गवत, वारा सगळं कळणारं माणूस लागतं, आणि तशी माणसं खूप कमी आहेत हो.

तर बीएस्सी ऑनर्स फॉरेस्ट्री, चार वर्षं, अकोल्याच्या किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठात, एमएचटी-सीईटीवरून. बायोलॉजी तर तिच्याकडे आहेच, म्हणजे नीटचा अभ्यास वाया जात नाही. पुढे एमपीएससीतून वनसेवा, यूपीएससीतून आयएफएस म्हणजे भारतीय वन सेवा, नाहीतर डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत एमएस्सी करून रिसर्च. सरकारी जाहिरातीचा भरवसा नसतो, म्हणून एमएस्सीचा रस्ता पहिल्यापासून उघडा ठेवा.

एक मात्र कळकळीने सांगते, प्रयोग म्हणून तिने स्वतः काडी लावायची नाही, राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. त्यापेक्षा वनपालांना विचारून फेब्रुवारीच्या मध्याआधी जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा) जाळतात ते लांबून दाखवायला न्या, आणि पाऊस पडून गेला की त्याच जागी परत न्या, काय काय फुटलंय ते तिला मोजू द्या.