खेळप्रश्न: ५.५६ वरून २.४४ वर आलेला कोरी क्लूबर

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये खेळाडूला न विचारता दुसऱ्या संघाला देऊन टाकतात म्हणे. पिचर (चेंडू टाकणारा) कोरी क्लूबरचं तसंच झालं होतं का? (वाचक, पुणे)

हो. करार संघाच्या मालकीचा असतो, त्यामुळे ज्येष्ठ खेळाडू सोडले तर नकार कोणालाच देता येत नाही. मोठ्या लीगमध्ये १० वर्षं आणि त्यातली शेवटची ५ एकाच संघात झाली असतील, तर ट्रेड, म्हणजे अशी अदलाबदल, अडवण्याचा हक्क मिळतो. काहींच्या करारातच तसं कलम घातलेलं असतं. क्लूबर त्यावेळी २४ वर्षांचा होता आणि मोठ्या लीगच्या दोन पायऱ्या खालच्या डबल-ए लीगमध्ये सॅन अँटोनियोला खेळत होता, म्हणजे हक्काचा प्रश्नच नव्हता.

३१ जुलै २०१० ला, अशा सौद्यांच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी, तीन संघांत सौदा झाला. क्लीव्हलँडने अनुभवी पिचर जेक वेस्टब्रूक सेंट लुईसला दिला, सेंट लुईसने बॅटर रायन लडविक सॅन डिएगोला दिला आणि सॅन डिएगोने क्लूबर क्लीव्हलँडला दिला. बातम्यांचे मथळे लडविक आणि वेस्टब्रूकचे होते. क्लूबर २००७ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) चौथ्या फेरीत निवडलेला, होतकरूंच्या पहिल्या शंभरात कधीही न आलेला मुलगा.

सॅन डिएगोला मूर्ख म्हणायची घाई करू नये. ते तेव्हा आपल्या गटात पहिले होते आणि त्यांना बॅटर हवा होता. लडविक तिथे अवघ्या .२११ च्या सरासरीने खेळला, संघ गटात दोन सामन्यांनी मागे राहिला, तो भाग वेगळा.

मी कोलंबसला राहतो. आमच्याच क्लिपर्स संघात क्लूबर मार खात होता, आणि तोच २०१४ मध्ये साय यंग (लीगमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा) पुरस्कार घेऊन गेला. नेमकं बदललं काय? (वाचक, कोलंबस, ओहायो)

बोटांची जागा. हे ऐकायला फार किरकोळ वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कोलंबस हा क्लीव्हलँडचा ट्रिपल-ए संघ, मोठ्या लीगच्या एक पायरी खाली. २०११ मध्ये तिथे क्लूबरचा ईआरए ५.५६ होता. (ईआरए म्हणजे दर ९ इनिंग्जमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा त्यात धरत नाहीत.) त्याच्या हातात वेग होता, वळणारा चेंडूही चांगला होता. अडचण होती ती फोर-सीम फास्टबॉलची. या चेंडूत बोटं शिवणीला आडवी ठेवतात. सरळ मागे फिरणाऱ्या चेंडूची रेषा सहसा सरळच राहते. क्लूबरचा चेंडू तसा सरळ यायचा आणि त्याला स्ट्राइकच्या चौकटीचे कोपरेही नीट सापडायचे नाहीत. कोपरा हुकून मधोमध आलेला सरळ चेंडू ट्रिपल-एचा बॅटर सोडत नाही.

२०१२ मध्ये कोलंबसचे पिचिंग कोच रुबेन निएब्ला यांनी त्याला टू-सीम, म्हणजे सिंकर, हाच मुख्य चेंडू करायला सांगितलं. यात बोटं शिवणीच्या दोन समांतर ओळींवर लांबीने ठेवतात. चेंडूच्या फिरकीचा आस कलतो, त्यामुळे चेंडू हवेत कमी तरंगतो, थोडा खाली बसतो आणि टाकणाऱ्या हाताच्या बाजूला सरकतो. क्लूबर उजव्या हाताचा, म्हणजे उजव्या बॅटरच्या अंगावर, क्रिकेटच्या इनस्विंगसारखा. दिशा तेवढी सारखी, कारण मात्र वेगळं: तिथे शिवण हवा कापते, इथे मुख्य काम फिरकीचं.

खरा फायदा पुढे आहे. क्लूबरचे कटर (शेवटी किंचित सरकणारा फास्टबॉल) आणि वळणारा चेंडू हे दोन्ही उलट दिशेला, उजव्या बॅटरपासून दूर जाणारे. (त्या वळणाऱ्या चेंडूला कोणी कर्व्ह म्हणतं, कोणी स्लायडर. वाद घालण्यात अर्थ नाही.) आधी फास्टबॉल सरळ आणि बाकीचे बाहेर जाणारे, त्यामुळे बॅटरला अर्धंच मैदान सांभाळावं लागायचं. आता ताशी १५० किलोमीटरच्या आसपासचा सिंकर आत येतो आणि तशाच हातातून सुटलेला कटर बाहेर जातो. बॅटरकडे वेळ साधारण ०.४ सेकंद, त्यातला निम्मा चेंडू ओळखण्यात जातो. डावखुऱ्या बॅटरची गंमत तर आणखी. सिंकर त्याच्या कमरेच्या रोखाने निघतो, तो अंग चोरतो आणि चेंडू त्या चौकटीत वळून स्ट्राइक होतो.

क्लूबरची २०१४ ची आकडेवारी २३५.२ इनिंग्ज अशी दिसते. हे दशांश आहेत का? (वाचक, नाशिक)

नाहीत. आपल्या षटकांसारखंच आहे: २३५ पूर्ण इनिंग्ज आणि वर २ बाद. इनिंगमध्ये ३ बाद असतात, म्हणून हिशेबात २३५.६७ धरायचे. त्या वर्षी क्लूबरच्या खात्यावर ६४ धावा होत्या. ६४ गुणिले ९, भागिले २३५.६७, उत्तर २.४४.

हे सगळं आधी ओळखता आलं असतं का, की मागाहून सगळेच शहाणे? (वाचक, ठाणे)

२०१० मध्ये नाही. २०१३ मध्ये मात्र नक्की, आणि काहींनी ओळखलंही. एका विश्लेषकाने त्या उन्हाळ्यात अर्धी थट्टा म्हणून ‘कोरी क्लूबर सोसायटी’ काढली होती.

त्या वर्षी ईआरए ३.८५ होता, म्हणजे बेताचाच. पण १४७.१ इनिंग्जमध्ये १३६ बॅटर स्ट्राइकवर बाद (स्ट्राइकआउट) आणि वॉक, म्हणजे चार चुकीच्या चेंडूंवर फुकट दिलेला पहिला बेस, फक्त ३३. चारास एकाच्या वर गेलेलं हे प्रमाण नशिबाने येत नाही. घरी पडताळायचं असेल तर एफआयपी काढा. होमरनला १३ ने गुणा, वॉक आणि अंगावर बसलेले चेंडू यांच्या बेरजेला ३ ने गुणा, दोन्ही मिळवा, त्यातून स्ट्राइकआउटच्या दुप्पट वजा करा, इनिंग्जने भागा आणि शेवटी त्या वर्षाचा स्थिरांक मिळवा, तो ३.१ च्या आसपास असतो. क्षेत्ररक्षकांचा हात ज्यात नाही तेवढंच यात मोजलं जातं. २०१३ मध्ये क्लूबरचा एफआयपी ३.३० आला. ईआरएपेक्षा अर्ध्या धावेहून कमी, म्हणजे टाकणं निकालापेक्षा चांगलं होतं. ऑगस्टमध्ये मधल्या बोटाला दुखापत झाली नसती तर कदाचित आणखी लोकांचं लक्ष गेलं असतं.

२०१४ मध्ये २६९ स्ट्राइकआउट, ५१ वॉक, १८ विजय, ९ पराभव. हे अशा संघाकडून, ज्याने त्या मोसमात क्षेत्ररक्षणात ११६ चुका केल्या, लीगमध्ये सर्वांत जास्त. ३० जुलैला त्याने सिएटलचा पूर्ण सामना अवघ्या ८५ चेंडूंत एकही धाव न देता संपवला. समोर फेलिक्स हर्नांडेझ होता आणि साय यंगच्या मतदानातही त्यालाच १६९ विरुद्ध १५९ गुणांनी मागे टाकलं.

विजय-पराभवाच्या आकड्यावर मात्र भिस्त ठेवू नका. पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, २४५ स्ट्राइकआउट घेऊन तो ९ विजय, १६ पराभव असा राहिला. संघाने त्याच्यासाठी धावाच केल्या नाहीत. २०१७ मध्ये दुसरा साय यंग मिळाला.

माझा मुलगा १३ वर्षांचा आहे. त्याला हाच टू-सीम शिकायचाय. शिकवू का, आणि कसा? (वाचक, न्यू जर्सी)

शिकवा, कारण यात मनगट पिळावं लागत नाही. फोर-सीम आणि चेंज-अप (मुद्दाम कमी वेगाने टाकलेला चेंडू) मनासारखे पडू लागले असतील तरच. वळणारे चेंडू त्यानंतर.

चेंडूवर शिवणीच्या दोन ओळी जिथे सर्वांत जवळ येतात ती अरुंद जागा शोधा. तर्जनी आणि मधलं बोट त्या ओळींवर लांबीने ठेवायचं, अंगठा बरोबर खाली. चेंडू बोटांच्या टोकांकडे, तळहात आणि चेंडू यांत फट दिसली पाहिजे. तर्जनीचा दाब किंचित जास्त. हात फोर-सीमसारखाच, त्याच वेगाने.

चुका ठरलेल्या असतात. चेंडू सरकावा म्हणून मुलं मनगट फिरवतात. कोपरावर ताण येतो आणि बॅटरलाही आधीच कळतं. चेंडू तळहातात रुतला की वेग पडतो. आणि सिंकर छातीच्या उंचीवर राहिला, तर तो नुसता कमी वेगाचा फास्टबॉल, लांब जाणारच. तपासायला चेंडूभोवती फिरकीच्या दिशेने रंगीत चिकटपट्टीचा एक पट्टा लावा. पट्टा स्वच्छ, कललेला दिसला तर पकड बरोबर. लडबडत असेल तर बोटांचा दाब बिघडलाय.

मोजून टाकायला लावा. १३-१४ वयाला दिवसाला जास्तीत जास्त ९५ चेंडू. २१ ते ३५ टाकले तर एक दिवस विश्रांती, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन, ६६ च्या पुढे चार. शाळा आणि क्लब अशा दोन संघांत खेळत असेल तर मोजणी एकाच वहीत ठेवा. दोन्ही कोचना एकमेकांचे आकडे माहीत नसतात आणि घोळ तिथेच होतो. कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं तर त्या दिवसाचा खेळ तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. बर्फ लावून पुढच्या सामन्याला उभं करू नका.