पेटंट-ट्रेडमार्कचे दावे लढवणाऱ्या वकिलाचं काम नेमकं कसं असतं? त्यासाठी सायन्सची पदवी लागते का?

तुम्ही मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी केलंय, सध्या एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि कोर्टात उभं राहून हे दावे लढवायचेत, असं लिहिलंय. मी मुंबई उच्च न्यायालयात सोळा वर्षं हेच काम करते.

पदवीचं आधी सांगते. पेटंटचा दावा चालवायला सनद पुरते. विज्ञानाची किंवा इंजिनिअरिंगची पदवी लागते ती पेटंट एजंटच्या, म्हणजे पेटंट कार्यालयात अर्जदारांची कामं चालवणाऱ्याच्या, परीक्षेला. तुमच्याकडे ती आहे, तर परीक्षा देऊन टाका. पेटंटमधले क्लेम्स (शोधातल्या नेमक्या कशावर हक्क आहे ते सांगणारा भाग) कसे लिहिले जातात हे त्या अभ्यासातून पक्कं होतं. मी बीकॉम. औषधांच्या दाव्यांसाठी केमिस्ट्री रात्री जागून शिकावी लागली, आणि अजून शिकतेच आहे.

आता काम. आपल्याकडे यातल्या बहुतेक दाव्यांचं भवितव्य अंतरिम मनाई हुकुमाच्या, म्हणजे निकाल लागेपर्यंत समोरच्याला थांबवण्याच्या, अर्जावरच ठरतं. पुरावा नोंदवून निकालापर्यंत जाणारे दावे थोडे. असं का होतं ते रोश आणि सिप्ला या औषध कंपन्यांच्या दाव्यात दिसतं. कर्करोगावरच्या एर्लोटिनिब या औषधाच्या पेटंटसाठी रोशने 2008 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. अंतरिम मनाई मिळाली नाही. पूर्ण पुरावा होऊन 2012 मध्ये निकाल आला, तो सिप्लाच्या बाजूने. 2015 मध्ये अपिलात खंडपीठाने पेटंटचा भंग झाल्याचं मान्य केलं, पण पेटंटची मुदत 2016 च्या मार्चमध्ये संपणार होती, म्हणून मनाई हुकूम दिलाच नाही; सिप्लाने विक्रीचा हिशेब द्यावा एवढंच ठरलं. बाजारातली आठ वर्षं तोवर निघून गेली होती. बजाज आणि टीव्हीएस यांच्या इंजिनाच्या पेटंटवरच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये असे दावे रोजच्या रोज चालवून लवकर संपवा असं बजावलं, तरी अंतरिम अर्जाचं वजन कमी झालेलं नाही.

म्हणून आमची खरी मेहनत दावा दाखल होण्याआधीची असते. नाव पहिल्यांदा कधी वापरलं, त्या वर्षाची बिलं कुठे आहेत, जुनं वेष्टन कुणाच्या गोदामात सापडेल, नक्कल पहिल्यांदा कधी दिसली. माहीत असून अशील वर्षभर गप्प बसला असेल तर तातडीचं कारण सांगणं कठीण जातं, आणि तातडी नसेल तर व्यावसायिक न्यायालय कायद्याच्या कलम 12अ प्रमाणे आधी मध्यस्थीला जावंच लागतं.

वकिलीच्या चौथ्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. मसाल्याचा ब्रँड होता, समोरच्याने जवळजवळ तेच नाव घेतलेलं. आम्हाला ॲड-इंटरिम हुकूम, म्हणजे अंतरिम अर्जाची पूर्ण सुनावणी होईपर्यंतची मनाई, मिळाला. पुढच्या तारखेला समोरच्या वकिलांनी आमच्याच अशिलाचं ट्रेडमार्क रजिस्ट्रीला दिलेलं जुनं उत्तर काढलं. नोंदणीच्या वेळी हरकत आली तेव्हा त्यांनी लेखी दिलं होतं की हा शब्द या धंद्यात सगळेच वापरतात. दाव्यात आम्ही म्हणत होतो की तो शब्द फक्त आमचा. रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर कुणालाही दिसणारा तो कागद मी वाचलाच नव्हता. न्यायालयापासून माहिती लपवली असा ठपका आला आणि हुकूम उठला. व्हरांड्यात अशील एक शब्दही बोलले नाहीत. तेव्हापासून दाव्याचा मसुदा हातात घेण्याआधी मी रजिस्ट्रीची फाइल पहिल्या पानापासून वाचते. माझ्या ज्युनियरांनाही तेच सांगते.

पैशांबद्दल घरी आधीच मोकळं बोला. पहिली तीन-चार वर्षं थोडकेच मिळतात आणि मुंबईत भाडं भरायचं असतं. पुण्यातूनही सुरुवात करता येते, कारण ट्रेडमार्क भंगाचा दावा जिल्हा न्यायालयात लावता येतो. पेटंटचाही येतो, पण प्रतिवादीने पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा केला की तो उच्च न्यायालयाकडे जातो.

उलटतपासणी मात्र शिकाच. अंतरिम अर्जांवरच करिअर निघाल्याने आमच्यातल्या अनेकांना ती नीट येत नाही, आणि एखाद्या दाव्यात खरंच साक्ष नोंदवायची वेळ आली की धावपळ होते. मी ती धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात शिकले, भाडेकरूंच्या दाव्यांत. खोलीत कोण राहतं, वीजबिल कुणाच्या नावावर, कधीपासून. कागद समोर ठेवून छोटा प्रश्न विचारायचा आणि उत्तर पूर्ण ऐकायचं. शास्त्रज्ञ साक्षीदार असला तरी पद्धत हीच. तुमच्या सीनियरकडे असे दावे नसतील तर आठवड्यातले दोन दिवस दुसऱ्या सीनियरकडे जायची परवानगी मागा. माझ्या सीनियरांनी मला ती लगेच दिली होती.