हाडांचं इंजेक्शन ज्या प्रथिनाला अडवतं, त्याची बाकीची कामं बंद पडतात का?

तुमच्या आईंना हाडं ठिसूळ झाल्यामुळे दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅब घ्यायला सांगितलंय. ते 'रँक-एल' हे प्रथिन अडवतं, मग त्या प्रथिनाच्या इतर कामांचं काय, असं तुम्ही विचारलंय. मी चोपड्याला जीवशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. पण माझी माय तीन वर्षांपासून हेच इंजेक्शन घेतेय, म्हणून हा प्रश्न मलाही पडला होता.

जुनं हाड खाणाऱ्या पेशी रँक-एलच्या इशाऱ्यावर तयार होतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि हा इशारा वाढतो. इंजेक्शन त्यालाच धरून ठेवतं.

इतर कामं खरंच आहेत. १९९९ साली हे प्रथिन नसलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांची हाडं घट्ट होती, पण दात हिरडीबाहेर आले नाहीत आणि लसिका गाठी (जंतूंशी लढणाऱ्या पेशींचे थांबे) तयारच झाल्या नाहीत. पुढे कळलं, की अशा उंदरिणींच्या दूधग्रंथीही गरोदरपणात वाढत नाहीत, पिल्लांना दूध मिळत नाही. हे वाचून मी बराच वेळ थांबलो. बाळाला पाजताना आईच्या हाडांतलं कॅल्शियम दुधात जातं, अंगावरचं तोडल्यावर ते बहुतेक भरून येतं. म्हणजे दूध तयार होण्यात आणि हाड झिजण्यात एकाच प्रथिनाचा हात! मायने आम्हा चौघांना पाजलं आणि त्याच दिवसांत कापूसही वेचला.

मेंदूत ताप चढण्याशीही त्याचा संबंध उंदरांत दिसलाय.

पण जन्मापासून प्रथिन नसणं वेगळं आणि साठीनंतर ते अडवणं वेगळं. आईंच्या लसिका गाठी केव्हाच तयार झाल्यात. तरी त्वचेला सूज, लाली, ताप दिसला तर लगेच दाखवा. सुईआधी रक्तातलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, किडनी तपासून घ्या. दात काढायचा असेल तर तो आधीच उरका.

मला जास्त काळजी तारखेची वाटते. औषध उतरलं की दबलेला रँक-एल जोराने उसळतो, मणके एकामागून एक पिचू शकतात. वेचणीच्या धांदलीत मायची तारीख तीन आठवडे पुढे गेली, तेव्हा माझी झोप उडाली होती. सातवा महिना ओलांडू देऊ नका. आणि पुढे कधी थांबवायचं ठरलं, तर त्यानंतर कोणतं औषध द्यायचं, हे डॉक्टरांना पहिल्या सुईआधीच विचारा.