पोर्टर बियर चाखून तिचा रिव्ह्यू कसा लिहायचा? की हे सगळे मनाचे खेळ आहेत?

पोर्टर या गडद प्रकारच्या क्राफ्ट बियरचे रिव्ह्यू लिहायला सुरुवात करायची आहे, तर चव ओळखायची कशी आणि पोर्टर तशाच काळ्या स्टाउट बियरपेक्षा वेगळी सांगायची कशी, असं तुम्ही विचारलंय. इतकंच असतं तर मी वाचून पुढे गेलो असतो. पण खाली तुम्ही पुस्ती जोडलीत, "की हे सगळे मनाचे खेळ आहेत?" त्या पुस्तीमुळे लिहायला बसलोय. हेच वाक्य माझे साडू गेली सहा वर्षं मला चारचौघांत ऐकवतायत, आणि दर वेळी नेमका माझ्या हातात ग्लास असताना.

साडू ऑडिटर आहेत. हे सांगणं भाग आहे, कारण साध्या माणसाने जे केलं नसतं ते त्यांनी केलं. मी तेव्हा एका रेटिंग ॲपवर बियरचे रिव्ह्यू लिहायचो. दोनशेच्या वर झाले होते आणि त्याची मला थोडी घमेंडही होती. साडूंनी ते सगळेच्या सगळे वाचून काढले आणि त्यातून एक पोर्टर शोधली, जिच्यावर मी दोनदा लिहिलं होतं. आठ महिन्यांच्या अंतराने, पहिलं साफ विसरून. पहिल्यात पाचपैकी अडीच: "पातळ. वास जवळजवळ नाहीच. शेवट करपट." दुसऱ्यात सव्वाचार: "कोको, मनुका, पावाची भाजकी कड. घोट मखमली." दोन्हींचे प्रिंट काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवले आणि शांतपणे विचारलं, "बियर एकच आहे ना हो ही?"

मी म्हटलं, बॅच वेगळी असेल. ते म्हणाले, मग बघूच या.

शनिवारी सहा फेऱ्या झाल्या, रविवारी सहा. प्रत्येक फेरीला तीन ग्लास. रंग दिसू नये म्हणून ग्लासांना बाहेरून फडकं गुंडाळलेलं, आणि ओतताना मी पाठ करून बसलेलो. मला एवढंच सांगितलं होतं की दोन ग्लासांत तीच ती पोर्टर आहे आणि एकात स्टाउट. स्टाउटचा ग्लास ओळखायचा, शिवाय प्रत्येक ग्लासबद्दल दोन शब्द बोलायचे. ते शब्द साडू लिहून घेत होते. बारापैकी माझी तीन उत्तरं बरोबर आली. डोळे मिटून नुसतं बोट ठेवलं असतं तरी सरासरीने चार लागली असती.

"थोतांड," साडू म्हणाले. बस, एवढंच. बाकीचं ते तेव्हापासून प्रत्येक घरगुती कार्यक्रमात सांगत आलेत.

जे ते सांगत नाहीत ते आता मी सांगतो. पोर्टरच्या दोन ग्लासांपैकी एक बर्फात ठेवलेल्या बाटलीतला होता. दुसरा, आणि स्टाउटसुद्धा, तासभर टेबलावर काढून ठेवलेल्या बाटलीतले. हे मला खेळ संपल्यावर कळलं आणि त्या दिवशी मी इतका ओशाळलो होतो की भांडायचंही सुचलं नाही. एक ग्लास जास्त गार लागतोय हे चाखताना जाणवत नव्हतं का? जाणवत होतं. पण मला वाटत होतं की मी मुरलेला माणूस, गारवा वजा करून खालची चव वाचू शकतो. हा माझा खरा गाढवपणा.

दोनेक आठवड्यांनी कोटाच्या खिशात तो कागद सापडला. ऑडिटरचाच कागद तो: फेरी, ग्लासांचा क्रम, माझं उत्तर, माझे शब्द, सगळं स्वच्छ अक्षरात. मी मोजलं. तीन वेळा मी स्टाउटवर बोट ठेवलं होतं. उरलेल्या नऊही वेळा गार पोर्टरवर. टेबलावरच्या पोर्टरवर एकदाही नाही. अंदाजाने बोट ठेवणारा माणूस असा एकाच दिशेने चुकत नाही. तरी हे सोडा, कारण साडूंचं यावरचं उत्तर मला पाठ आहे: "गार ग्लास ओळखायला जीभ कशाला लागते, ओठ पुरतात." कबूल. पण शब्दांचं काय? गार पोर्टरच्या पुढे बारापैकी दहा ठिकाणी "पातळ" किंवा "करपट" लिहिलं होतं. टेबलावरच्या पोर्टरच्या पुढे "कोको" नऊ वेळा, "मनुका" चार वेळा. म्हणजे माझे ते दोन्ही रिव्ह्यू, अडीचवाला आणि सव्वाचारवाला, मी त्या दोन दिवसांत ग्लास न बघता पुन्हा लिहिले होते. दोन्ही खरेच होते. फक्त बियर किती गार होती ते मी कुठेच नोंदवलं नव्हतं.

कारण साधं आहे. गारव्यात वास देणारे पदार्थ द्रवातून कमी उडतात, माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गोडवा दबतो, आणि कडूपणा, तुरटपणा, गॅसची चुरचुर पुढे येते. नेहमीच्या फिक्या लागर बियरला हे खपून जातं, ती तशीच प्यायची असते. पोर्टरचा सगळा डाव भाजलेल्या माल्टवर, तिचं यात दिवाळं निघतं. तिला साधारण १० ते १३ अंश सेल्सियस लागतात. फ्रिजमधून काढून अर्धा-पाऊण तास थांबा, थर्मामीटर असेल तर लावा, हसू देत लोकांना. आणि आकडा लिहा. बाटली भरल्याची तारीख लिहा, त्याआधी काय प्यायला होतात ते लिहा. विशेषणं मागाहून आली तरी चालतात. तापमान नसलेला पोर्टरचा रिव्ह्यू मी आता वाचतसुद्धा नाही.

साडूंचं दुसरं हत्यार म्हणजे २००१ मधला तो प्रसिद्ध प्रयोग. मोरो, ब्रोशे आणि द्युबुर्दियू या फ्रेंच संशोधकांनी ५४ जणांना पांढरी वाइन बिनवासाचा लाल रंग घालून दिली, आणि त्यांनी तिचं वर्णन चक्क लाल वाइनच्या शब्दांत केलं. खरा प्रयोग आहे आणि मी तो कधी नाकारला नाही. पण त्यातून निघतं काय? डोळे जिभेला फसवतात, म्हणून जीभ खोटी? मग ग्लासला फडकं गुंडाळा की! बियरचे परीक्षक तयार करणाऱ्या बियर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅमच्या परीक्षणाच्या कागदावर ५० पैकी दिसण्याला ३ गुण आहेत. वासाला १२, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५, एकूण परिणामाला १०. रंग, नितळपणा, फेस हे सगळं त्या तिनात. आणि नवे लोक रिव्ह्यूच्या पहिल्या चार ओळी "गडद काळी, उजेडात धरल्यावर लालसर झाक, मलईदार फेस" यात घालवतात. मीही घालवायचो. काळा रंग पाहिला की हात आपोआप "कॉफी" लिहितो, तर आधी हुंगा, चाखा, लिहा आणि मग बघा.

शब्दांवरून आठवलं. इंग्रजी रिव्ह्यू वाचून "रोस्टी" हा एक शब्द सगळीकडे चिकटवू नका. आपल्याकडे खमंग, खरपूस, करपट आणि जळका असे चार वेगळे शब्द आहेत आणि पोर्टरचं अर्धं परीक्षण त्या चारांतच होतं. चांगली इंग्लिश पोर्टर खमंग ते खरपूस. अमेरिकन पोर्टर खरपूसच्या पुढे जाऊन करपटाला शिवून आली तरी चालतं. जळका म्हणजे काळा माल्ट जास्त पडला. "स्मूद" तर लिहूच नका. स्मूद म्हणजे काय? दाट? गॅस कमी? कडूपणा नाही? तीन वेगळ्या गोष्टी आहेत त्या. दोषांनाही साधी नावं आहेत: लोण्याचा वास, उकडलेल्या मक्याचा वास, ओल्या पुठ्ठ्याची चव, हिरवं सफरचंद, जुन्या तगड्या बाटल्यांत कधी सोया सॉस. भाजलेल्या माल्टची किंचित आंबूस कड दोष नाही. दात आंबवणारा आंबटपणा असेल तर बाटली गेलेली आहे. लोण्याचा वास मला स्वतःला फार उशिरा कळतो. बायको बियर पीत नाही, नुसता ग्लास हुंगून सांगते. ही नाकानाकांतली तफावत आहे, सरावाने थोडीच भरून निघते.

आता पोर्टर आणि स्टाउट. इथे तुमची निराशा होणार. स्टाउट ही पोर्टरचीच लेक आहे. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये हमालांमुळे (इंग्रजीत हमाल म्हणजे पोर्टर) या बियरला पोर्टर नाव पडलं, आणि तिच्यातली जी तगडी ती "स्टाउट पोर्टर". पुढे मागचा शब्द गळाला. "माल्ट न करता भाजलेली बार्ली असेल तर स्टाउट, नसेल तर पोर्टर" असं छातीठोक सांगणारे भेटतील. त्यांना विचारा की ब्रिटनमध्ये माल्टवर कर होता आणि माल्ट न केलेलं धान्य बियरमध्ये घालायची मोकळीक १८८० च्या कायद्याने मिळाली, मग त्याआधीच्या स्टाउटला काय म्हणायचं? कॉफीसारख्या चवीचंही तेच. आधी पोर्टर तपकिरी माल्टची व्हायची. द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर आल्यावर ब्रुअरांना दिसलं की फिक्या माल्टमधून साखर जास्त निघते, ते तिकडे वळले आणि काळा रंग आणायचा कुठून हा प्रश्न पडला. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलरने कॉफी भाजतात तसं फिरत्या पिंपात माल्ट काळाभोर भाजायचं पेटंट घेतलं, तेव्हा तो सुटला. त्यामुळे "अस्सल पोर्टर म्हणजे कॉफी" म्हणणाऱ्याला शंभर वर्षं उशीर झालाय.

आजच्या बाजारात लेबलवर जे लिहिलंय ते मान्य करून पुढे जा, पण प्रकार बघा. इंग्लिश पोर्टर साधारण ४ ते ५.४ टक्के अल्कोहोलची, अमेरिकन ४.८ ते ६.५, आणि बाल्टिक ६.५ ते ९.५, जी बहुधा लागरच्या यीस्टने, थंडीत आंबवलेली असते. मी एकदा बाल्टिकला "पोर्टरच्या मानाने फार गोड आणि जड" म्हणून दोन गुण दिले होते. साडूंना तो रिव्ह्यू सापडला नाही हे माझं नशीब.

चवीने वेगळं काढता येतं का? त्या दोन बियरपुरतं सांगतो. कागद सापडल्यावर मी त्याच दोन बियर आणल्या आणि बायकोला ओतायला बसवलं. या वेळी रीतसर: दोन ग्लास एकाच बाटलीतून, तिसरा दुसरीतून, तिन्ही १२ अंशांवर, क्रम चिठ्ठ्या टाकून. साडूंच्या चाचणीत मुळात दोन सारखे ग्लासच नव्हते, तिन्ही वेगळे होते, आणि मला सांगितलं होतं दोन सारखे आहेत म्हणून! असला ताळेबंद त्यांनी दुसऱ्या कुणाचा पास केला असता का? असो. बारापैकी आठ बरोबर आले. फरक वासात सापडला नाही, पहिल्या घोटातही नाही. गिळल्यावर दहाएक सेकंदांनी सापडला. स्टाउटचा शेवट कोरडा, कडूपणा जिभेला धरून बसणारा. पोर्टर गिळल्यावर थोडा गोडवा मागे ठेवून जायची. त्यामुळे गिळल्यावर थांबा, लगेच लिहू नका. दुसऱ्या दोन बाटल्या घेतल्यात तर हे उलटंही निघू शकतं, आणि निघालेलं मी पाहिलंय.

साडूंना हा निकाल दाखवला तर म्हणाले, "घरचा साक्षीदार. ग्राह्य नाही." साक्षीदार त्यांची मेहुणी आहे, हे मी लक्षात आणून दिलं. उपयोग झाला नाही.

राहिलेल्या गोष्टी. मी प्रशिक्षित परीक्षक नाही, माझ्या आठांना शास्त्र समजू नका. एका बैठकीत तीन-चारच्या वर चाखू नका, तगडी बियर शेवटी ठेवा. नऊ टक्केवालीनंतर लिहिलेलं दुसऱ्या दिवशी वाचल्याशिवाय टाकू नका, आणि चाखलं घोटभरच असलं तरी गाडीला हात लावू नका. ग्लास साबणाचा राहिला तर फेस मरतो आणि दोष बियरच्या माथी जातो. आणि हो, मनाचे खेळ असतातच, म्हणून तर फडकं आणि चिठ्ठ्या.

साडू, हे वाचत असाल तर कागद अजून माझ्याकडे आहे. दोन ग्लास एकाच बाटलीतून, तिन्हींचा गारवा सारखा. ओतायला तुम्हीच बसा.