गाळात रुतलेला साहेब

प्रश्न : आमचे हे तीन महिन्यांपूर्वी बँकेतून निवृत्त झाले. तेव्हापासून रोज जेवणानंतर एका हौशी इंग्रज दर्यावर्दीचे व्हिडिओ बघतात. तो वीसेक फुटी शिडाच्या होडीतून, किनारा धरून, ब्रिटनला वळसा घालतोय. घडत काहीच नाही. परवा तर अर्धा तास चिखलात रुतून चहा पीत बसला होता! सोसायटीतले एक निवृत्त नौदल अधिकारी म्हणतात, माणूस बेफिकीर आहे. ह्यांनी मात्र मांडवा ते गोवा असा नकाशा भिंतीला लावलाय. तुमचं मत?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, तो चहाचा भाग मी दोनदा पाहिला. बाकीचे काही मीही पुढे ढकलले, कारण गृहस्थ बोलतो फार आणि निम्मं बोलणं वाऱ्यात उडून जातं.

पण रुतणं हा गुन्हा नव्हे. तो रुतला त्या इंग्लंडमधल्या एसेक्सच्या खाड्या आपल्या अलिबागजवळच्या धरमतर खाडीसारख्याच, नुसता गाळ. भरती-ओहोटीतला फरकही उधाणाला मुंबईइतकाच, पाचेक मीटर. त्याच्या होडीला तळाशी दोन कील, म्हणजे उभी पाती आहेत, त्यामुळे पाणी गेलं तरी ती कलंडत नाही, बदकासारखी बसते. तो रुतला अर्ध्या ओहोटीला, म्हणजे सहा तासांत सुटका. धरमतरला मी रुतलो तो उधाणाच्या ऐन भरतीला. पुढची प्रत्येक भरती आधीच्यापेक्षा थोडी कमीच येत गेली. भांगाच्या छोट्या भरत्या संपून पुन्हा उधाण येईपर्यंत होडी तिथेच, आणि मी रोज अलिबागहून एसटीने तिची विचारपूस करायला! तेव्हा तुमच्या साहेबांना सांगा, चहा कसा केला ते बघू नका, रुतला तेव्हा पाणी चढतं होतं की उतरतं, ते बघा.

नौदलवाल्यांचं एक खरं आहे. हा माणूस लाइफजॅकेट न घालता पुढच्या शिडाशी खटपट करतो, तेही एकटा असताना. ते मला अजिबात पटलेलं नाही. होडी पुढे निघून गेली तर ओरडून ऐकणार कोण?

आता तो नकाशा. मुंबई ते गोवा समुद्रमार्गे साधारण 220 सागरी मैल. ताशी चार मैलांनी पंचावन्न तास. पण रात्री चालवायचंच नाही. रायगडच्या किनाऱ्यालगत मासेमारीची डोलीची जाळी रोवलेली असतात, त्यांची बोयटी, म्हणजे तरंगत्या खुणा, अंधारात दिसत नाहीत, आणि दोर एकदा पंख्यात अडकला की इंजिन गेलं. दिवसाउजेडी रेवदंडा, मुरूड, जयगड, विजयदुर्ग असे, आणि लांबच्या पल्ल्यांत मध्ये आणखी मुक्काम घेत, टप्पे करत जावं. ऑक्टोबरनंतर दुपारचा वायव्येचा वारा पाठीशी असतो. जाताना मजाच आहे.

त्या इंग्रजाला बेटाला वळसा घालायचाय, आल्या वाटेने परतायचं नाही. आपल्या साहेबांना तोच वारा तोंडावर घेत वर यायचंय. मग पहाटेच्या मतलईवर निघायचं, दुपारी खारा वारा जोर धरायच्या आत नांगर टाकायचा. जाताना सहा दिवस लागले, तर येताना पंधरा धरा. भिंतीवरच्या नकाशात परतीचे मुक्काम लिहिलेत का, तेवढं आज रात्री बघून घ्या.