मुलाच्या लग्नात कोणता विग घालू?

प्रश्न : मी सांगलीची, वय ५३. फेब्रुवारीत शेवटची केमो झाली. मे महिन्यात मुलाचं लग्न आहे. लेकीने हौसेने ऑनलाइन विग मागवला, कमरेपर्यंत सरळ, काळेभोर केस. घालून बघितला तर जाऊबाई म्हणाल्या, "नाटकातली गौळण दिसतेस." माझा चेहरा मूळचा लांबट, आता गोल गरगरीत झालाय. मला कसा विग शोभेल? विहीणबाईंना आजारपण माहीत आहे, टक्कल माहीत नाही. सांगू का?

उत्तर : ताई, जाऊबाईंची जीभ तिखट आहे, पण नजर खोटी नाही. १८४३ पासून, म्हणजे पहिल्या मराठी नाटकापासून, नाटक बघणाऱ्या सांगलीला टोप ओळखायला शिकवावं लागत नाही. रंगमंचावरचा टोप शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसावा म्हणून दाट केलेला असतो. तुमच्या विगचंही तेच झालंय. डोक्यावर एवढे दाट केस तर विशीतल्या मुलीलाही नसतात.

चेहरा गोल झालाय तो बहुधा केमोबरोबरच्या स्टिरॉइडमुळे. तसं असेल तर सूज हळूहळू उतरते. मे महिन्यात तो कितपत लांबट झालेला असेल, हे आज कुणी सांगू शकत नाही. त्यामुळे चेहऱ्याच्या आकारांचे ते तक्ते तुमच्या फारसे कामाचे नाहीत. गोल चेहऱ्याला टाळूवर उंची द्या म्हणतात, लांबट चेहऱ्याला नेमकी तीच नको. दोन्हीकडे चालेल असा विग घ्या : भांग बाजूला, कपाळावरून तिरप्या उतरणाऱ्या बटा, हनुवटीच्या खाली आणि खांद्याच्या जरा वर संपणारा लेयर कट. हनुवटीच्या रेषेत सरळ कापलेला बॉब मात्र नको, गाल आणखी भरलेले दिसतात.

खरं तर विग उघडा पडतो तो कपाळावर. घसरेल या भीतीने बायका तो पुढे ओढून बसवतात. भुवईच्या वर चार बोटं आडवी ठेवा, विगची कड त्याच्या वर यायला हवी. केमोत भुवया गेल्या असतील तर भुवईचं हाड चाचपून तिथून मोजा. मग टिकली लावून आरशात बघा. टिकली आणि केस यांच्यामध्ये कपाळच उरलं नसेल, तर विग खाली आलाय. पुढच्या कडेला बारीक जाळीची लेस असलेला विग मिळाला तर उत्तम, केस कातडीतूनच उगवल्यासारखे वाटतात. डोक्याचा घेर टेपने मोजून घ्या. तयार विग बहुतेक २२ इंचांच्या आसपास असतात, आणि मागे घट्ट-सैल करायच्या पट्ट्या असतात. केस नसलेलं डोकं थोडं लहान भरतं, तेव्हा त्या आवळाव्या लागतील.

रंग काळाकुळकुळीत नको, डाय केल्यासारखा दिसतो. गडद तपकिरी घ्या, मधे चार पांढरे असले तरी छानच.

लेकीचा विग फेकू नका. तोही कापून, आतून विरळ करून घेता येईल. विग कापायचा हात असलेली पार्लरवाली शोधा आणि डोक्यावर घालूनच कापायला सांगा. हातात धरून कापलेल्या विगची लांबी हमखास चुकते. एकदा कापलेले केस परत वाढत नाहीत, म्हणून पहिल्या बैठकीत कमीच कापायचं.

विग सिंथेटिक असेल तर आचेपासून जपा. औक्षणाचं तबक चेहऱ्याजवळ आलं, होमाशी बसलात, कुकरचं झाकण उघडलंत, की पुढच्या बटा आकसून चिकटतात. बटा मागे घेऊन पिन लावा. आतून पातळ सुती टोपी घाला, सांगलीच्या मे महिन्यात ती लागेलच.

विहीणबाईंना सांगा. मोठा खुलासा नको, फोनवर बोलता बोलता एक वाक्य पुरे. न सांगितलंत तर मांडवात कुणीतरी प्रेमाने गजरा माळायला येईल, आणि तुमचा सगळा जीव डोक्यावरच अडकून राहील.

हळदीला मात्र विग नकोच. हळद आणि तेल त्या केसांना लागलं की निघता निघत नाही. साडीला जुळणारा सुती रुमाल बांधा. तोपर्यंत तुमचे स्वतःचे केस पेरभर आलेले असतील आणि मनाला पटत असेल, तर तेवढ्यावरच बसा.